टू-स्ट्रोकचा धूर परत परत येतोय? तेल कमी करण्याआधी मुठीवर पट्टी चिकटवा

माझी डर्ट बाइक टू-स्ट्रोक आहे. १३५ सीसीचं एअर-कूल्ड इंजिन, रीड व्हॉल्व्ह आणि गोल स्लाइडचा मिकुनी व्हीएम कार्बोरेटर. तेलाचा पंप काढलेला आहे, त्यामुळे टू-टी ऑइल पेट्रोलमध्ये मिसळूनच टाकीत ओततो. गाडी रस्त्यावर चालवत नाही. भांडुपच्या गाळ्यातून टेम्पोत चढवायची आणि रविवारी पहाटे वांगणीच्या पुढे माळावर उतरवायची, असा शिरस्ता.

गेल्या वर्षी मार्चपासून ती धूर सोडायला लागली. थंड गाडीला किक मारल्यावर मिनिट-दोन मिनिटं निळसर धूर येणारच, टू-स्ट्रोक तेल जाळतं म्हणून तो येतो आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण ही गाडी गरम झाल्यावरही धूर ओकत होती. सायलेन्सरच्या तोंडातून काळं तेल टपकायचं, मागच्या टायरवर शिंतोडे, दर दोन रविवारी प्लग ओला. गाळ्याच्या मागच्या खोलीत एक आजी राहतात, त्यांना दमा आहे. मी किक मारली की त्यांची खिडकी धाडकन बंद व्हायची. मग मला गाडी गल्लीत सुरूच करवत नसे.

तीन वेळा दुरुस्ती केली. कार्बोरेटर उघडून साफ केला, जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकांचे पितळी तुकडे) हवेने फुंकले, प्लग नवा टाकला, सायलेन्सरची आतली नळी काढून काजळी खरवडली. दर वेळी आठ-दहा दिवस गाडी छान, मग पुन्हा तोच ढग. त्या आठ-दहा दिवसांनीच मला सगळ्यात जास्त फसवलं. वाटायचं, कार्बोरेटरमध्ये कचरा येतोय आणि साफ केला की जातोय. प्रत्यक्षात धूर कमी व्हायचा तो सायलेन्सर रिकामा केल्यामुळे. बिघाड होता तिथेच होता. न जळलेलं तेल हळूहळू सायलेन्सरमध्ये साचायचं, आणि पुरेसं साचलं की गरम नळीवर जळून धूर दिसायला लागायचा.

"तेल कमी टाक" हा सल्ला ऐकू नका

धूर म्हटलं की दहातले आठ जण हेच सांगतात. निळा धूर तेलाचा असतो, म्हणून तेल कमी केलं की धूर कमी होईल, असा सरळ हिशोब वाटतो. मीही ४०:१ (चाळीस भाग पेट्रोलला एक भाग तेल) वरून ५०:१ वर आणलं होतं. धूर जेमतेम कमी झाला, आणि इंजिन वरच्या आरपीएमला किणकिणायला लागलं तसा मी परत मागे आलो.

त्यात दोन गोष्टी दडलेल्या असतात. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पिस्टनखालच्या कप्प्यात, वेगळं तेल नसतं. क्रँकचं बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, पिस्टनचा स्कर्ट, या सगळ्यांना पेट्रोलबरोबर येणाऱ्या तेवढ्याच तेलावर जगायचं असतं. दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जेटमधून जातं ते पेट्रोल आणि तेल मिळून. तेल कमी केलंत तर त्याच भोकातून पेट्रोल थोडं जास्त जातं, म्हणजे मिश्रण आणखी रिच (हवेच्या मानाने जास्त पेट्रोलचं) होतं. रिच मिश्रणाने धूर येत असेल तर तेल कमी करून तो जाणार कसा?

ठाण्याच्या एका मित्राने तेल ८०:१ पर्यंत कमी केलं. धूर गेला. तिसऱ्या रविवारी लांब चढावर फुल रेसमध्ये मागचं चाक एकदम लॉक झालं. सिलिंडर उघडला तेव्हा पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूने उभ्या रेघा होत्या आणि रिंग खाचेत चिकटली होती. तो पडला, खांद्यावर निभावलं. दगड असता तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

इंजिन बनवणाऱ्याने जे प्रमाण दिलंय तेच ठेवा आणि मापून टाका. चार लिटर पेट्रोलला ४०:१ म्हणजे १०० मिली, ३२:१ म्हणजे १२५ मिली. "एक झाकण, दोन झाकणं" असं करू नका, औषधाच्या दुकानात मिळणारा मापाचा कप वापरा. तेल मात्र चांगलं घ्या. बाटलीवर जासो एफसी किंवा एफडी असा जपानी दर्जा लिहिलेला असतो. हे दोन्ही कमी धुराचे आहेत, त्यातलं एफडी इंजिन जास्त स्वच्छ ठेवतं. सुटं, बिनलेबलचं तेल घेऊन कार्बोरेटरशी झुंजत बसण्यात अर्थ नाही.

धूर कधी येतो?

आमच्या गल्लीत एक काका आहेत. चाळीस वर्षं टू-स्ट्रोक उघडत आलेत, आता हात थरथरतो म्हणून गॅरेज बंद केलंय. चौथ्यांदा कार्बोरेटर खोलायला बसलो तेव्हा ते शेजारी येऊन उभे राहिले.

"काय रे, परत उघडलास?"

"काका, धूर जातच नाही."

"कधी येतो?"

"सारखाच येतो."

"सारखा नसतो येत. मूठ किती पिळल्यावर येतो ते बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. त्यांनी पांढरी चिकटपट्टी आणायला लावली. एक तुकडा ॲक्सिलरेटरच्या मुठीच्या रबरावर, दुसरा शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर. मूठ बंद असताना दोन्हींवर एक सरळ रेघ. मग स्थिर पट्टीवर अर्धपाव, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा. त्या रविवारी माळावर एकाच गिअरमध्ये प्रत्येक खुणेवर मूठ धरून गाडी चालवली आणि एक मित्र मागे उभा राहून धूर बघत होता.

हे का करायचं, तर स्लाइड कार्बोरेटरमध्ये मूठ पिळली की हवेची वाट उघडणारी स्लाइड वर जाते, आणि मुठीच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळा भाग पेट्रोल सोडतो. बंदपासून अर्धपावापर्यंत स्लो जेट आणि एअर स्क्रू. अर्धपाव ते पाव या टप्प्यात स्लाइडचा तिरका काप. पाव ते पाऊण नीडल, म्हणजे स्लाइडला लटकलेली निमुळती सुई, आणि ती ज्या पितळी नळीत खालीवर होते तो नीडल जेट. पाऊणच्या पुढे मेन जेट. हद्दी थोड्या एकमेकांत मिसळतात, पण धूर कुठल्या खुणेवर येतोय हे कळलं की स्क्रूड्रायव्हर कुठे लावायचा ते कळतं.

माझ्या गाडीचं असं निघालं: स्लोवर (मूठ सोडलेली असताना) थोडा धूर आणि अडखळत चाल. पाव ते अर्ध्यात दाट धूर, इंजिन "बड-बड-बड" करतंय, जोर नाही. पाऊणच्या पुढे आवाज मोकळा आणि धूर जवळजवळ गायब. म्हणजे मेन जेटचा दोष नव्हता, आणि मी आजवर दर वेळी मेन जेटवरच संशय घेत आलो होतो.

धूर रिच मिश्रणाचाच आहे ना, याची खात्री करायला एक सोपी युक्ती आहे. गाडी गरम असताना, ज्या खुणेवर त्रास होतो तिथे मूठ धरून चोक किंचित ओढा. इंजिन आणखी घुसमटलं तर मिश्रण आधीच रिच आहे. उलट सुधारलं तर ते लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, मग धुराचं कारण दुसरीकडे शोधा. माझं इंजिन चोक ओढताच बसलं.

कार्बोरेटरला हात लावण्याआधी

एअर फिल्टर बघा. फोमचा फिल्टर मातीने आणि तेलाने चोंदला की हवा कमी पडते आणि कुठलाही जेट टाका, गाडी रिचच चालते. केरोसीनने धुवा, मग साबणाच्या पाण्याने, पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल लावून चांगला पिळून काढा. फिल्टर काढून जेटिंग (जेट, नीडल, स्क्रू जुळवणं) कधीच करू नका, तो परत बसवल्यावर सगळा हिशोब बदलतो.

मग धुराचा रंग आणि वास. पांढरट, दाट, थांबता थांबत नाही आणि गिअर ऑइल जळाल्याचा उग्र वास असेल तर क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलंय. क्रँककेसमधली ओढ तिकडून गिअर ऑइल आत खेचते. ओळखायचं सोपं आहे: गिअर ऑइलची पातळी लिहून ठेवा. बाहेर कुठेही गळती नाही आणि पातळी उतरतेय, तर कार्बोरेटरचा नाद सोडा आणि सील बदला. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर मात्र आत हवा येते. तेव्हा धूर येत नाही, पण मूठ सोडल्यावरही आरपीएम वर लटकून राहतो, आणि ते जास्त धोक्याचं. परदेशातून आलेल्या वॉटर-कूल्ड डर्ट बाइकवर गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल तर कूलंट आत शिरतंय, हेड गॅस्केट बघा.

आरएक्स १०० सारख्या गाड्यांमध्ये तेलाची वेगळी टाकी आणि पंप असतो. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी गाडी गल्ली भरून धूर सोडते आणि पुढे ठीक चालते, अशी तक्रार असेल तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह तेल अडवत नाहीये असं समजा. दिवसभर धूर असेल तर पंपाच्या केबलची खूण जुळवा. कुणीतरी ती जास्त ओढून ठेवलेली असते.

नीडल हातात घेतली तेव्हा

माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. मग नीडलकडे वळलो. तिच्या डोक्याशी पाच खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप. क्लिप वर सरकवली की नीडल खाली उतरते आणि पेट्रोल कमी होतं, खाली सरकवली की वाढतं. माझी क्लिप मधल्या खाचेत होती. दुसऱ्या खाचेत घेतली, किंचित फरक पडला. सगळ्यात वरच्या खाचेत घेतली, तेव्हा अर्ध्यावरचा धूर तसाच राहिला आणि पावाला नवीन अडखळणं सुरू झालं. क्लिप हलवून एका टप्प्यावर सुधारतंय आणि दुसऱ्या टप्प्यावर बिघडतंय, तर दोष क्लिपच्या जागेचा नाही.

काकांनी नीडल दोन बोटांत धरून ट्यूबलाइटखाली हळूहळू फिरवली. राखाडी रंगाची, निमुळती, आणि एका बाजूने वरपासून खालपर्यंत आरशासारखी चकाकणारी एक पट्टी. त्या बाजूने ती वर्षानुवर्षं नीडल जेटला घासत होती. मग जेट काढला, पितळी, बोटाच्या पेराएवढा. खिडकीकडे धरून भोकातून बघितलं. भोक गोल नव्हतं, एका बाजूला ओढल्यासारखं, तांदळाच्या दाण्याच्या टोकासारखं झालं होतं. फरक इतका बारीक की मी तीन वेळा तो जेट फुंकून परत बसवला होता आणि मला दिसला नव्हता. पाव ते अर्ध्यात पेट्रोल याच दोघांमधल्या फटीतून येतं. फट केसभर वाढली तरी मिश्रण कितीतरी रिच होतं. पाऊणच्या पुढे नीडल इतकी वर जाते की मोजमाप मेन जेट करतो, म्हणून तिथे गाडी साफ चालत होती. एवढ्यात सगळं कोडं सुटलं.

नीडल आणि नीडल जेट कायम जोडीनेच बदला. मी आधी कुर्ल्याहून स्वस्तातलं किट आणलं होतं. त्यातली नीडल लांबीला सारखी होती, पण दोन्ही शेजारी ठेवल्यावर निमुळतेपणा वेगळा निघाला आणि तिने धूर वाढवला. ऑपेरा हाउसच्या पार्ट्सच्या बाजारात जाताना जुनी नीडल खिशात ठेवा, तिच्या डोक्यावरचा कोरलेला नंबर जुळवूनच घ्या. नंबर नसलेलं घेऊ नका.

स्लोवरचा धूर याने गेला नाही, कारण तो दुसऱ्याच जागेचा होता. चोकचा प्लंजर बाहेर काढला, त्याच्या तळाच्या रबरी चकतीवर नखाने जाणवेल अशी गोल खाच पडली होती. रबर कडक झाल्यामुळे चोक बंद करूनही पूर्ण बंद होत नव्हता. म्हणजे मी कायम थोडा चोक ओढूनच गाडी चालवत होतो, आणि प्लग ओले होत होते ते यामुळे. नवा प्लंजर टाकल्यावर स्लो एका दिवसात सुधारला. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, सगळ्यात आधी करा.

कार्बोरेटरच्या चेंबरमध्ये पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोटही बघून घ्या. फ्लोटची सुई खाचली असेल किंवा फ्लोट वर सेट असेल तर चेंबरमधली पातळी वाढते आणि मग सगळ्याच टप्प्यांवर गाडी रिच होते. माप तुमच्या मॅन्युअलमधलं घ्या. गाडी उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करायची सवय लावा.

मग जेटिंग

भाग धड झाल्यावरच जेटिंग, झिजलेल्या भागावर जेटिंग करणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी भरणं. मी मोठ्या टप्प्याकडून लहानाकडे येतो. आधी मेन जेट, मग नीडल, शेवटी स्लो. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत.

मेन जेटसाठी नवा प्लग लावा, मोकळ्या जागी पूर्ण मुठीवर गाडी ओढा, मग मूठ न सोडता किल स्विच आणि क्लच एकदम दाबा. गाडी थांबली की प्लग काढा. चहाच्या पावडरीसारखा तपकिरी हवा. ओला काळा म्हणजे जेट मोठा. पांढराफटक असेल तर लगेच मोठा जेट टाका, त्या अवस्थेत आणखी एक फेरीसुद्धा मारू नका. मोठ्या जेटकडून हळूहळू लहानाकडे या, उलटं कधीच नाही, कारण लीन चुकीची किंमत पिस्टन असते.

स्लोसाठी, स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते आधी ओळखा. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा आहे, बाहेर फिरवला की लीन. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर फिरवला की रिच. यात गल्लत होऊन कितीतरी गाड्या उलट्या सेट झालेल्या बघितल्यात. व्हीएमवर एअर स्क्रू असतो. हलक्या हाताने आत बसवा, दीड फेरा बाहेर काढा, गरम इंजिनवर सगळ्यात चढा आणि स्थिर स्लो मिळेपर्यंत थोडा थोडा फिरवा. चांगली जागा एका फेऱ्याच्या आत येत असेल तर स्लो जेट लहान आहे. अडीच फेऱ्यांच्या पुढे जात असेल तर मोठा.

ज्यांच्या टू-स्ट्रोक रस्त्यावर चालतात त्यांच्यासाठी एक गोष्ट: पीयूसीची तपासणी स्लोवर होते. एप्रिल २००० नंतरच्या टू-स्ट्रोकला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ६००० पीपीएम ही मर्यादा आहे. पण ती पास झाली म्हणजे अर्ध्या मुठीवर काय चाललंय ते कळतं असं नाही. माझ्यासारखी नीडल झिजलेली गाडी स्लोवर निर्दोष दिसू शकते.

मुंबईची हवा

जूनमध्ये पाऊस लागला की बऱ्याच जणांची नीट सेट केलेली गाडी पुन्हा धूर सोडते. ३० अंशांच्या दमट हवेत पाण्याची वाफ हवेची चार टक्क्यांपर्यंत जागा घेते, तेवढा ऑक्सिजन कमी, आणि तोच जेट रिच वाटायला लागतो. डिसेंबरच्या कोरड्या, गार सकाळी उलटं होतं. म्हणून पावसाळ्यातल्या सेटिंगवर हिवाळ्यात फुल रेस मारू नका, आधी प्लग बघा. घाटाचंही तसंच. दर शंभर मीटर उंचीला हवा साधारण एक टक्का विरळ होते. लोणावळ्याला गाडी थोडी रिच चालेल, महाबळेश्वरला बरीच. तिथे जेट लहान केलात तर खाली उतरण्याआधी परत मोठा करा.

पेट्रोलही बदललंय. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, याला साधारण साडेतेरा पट. म्हणजे जुन्या मॅन्युअलमधला जेट आता थोडा लीन पडतो. धुराच्या रागात जेट लहान करत जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात महिनाभर उभ्या गाडीच्या चेंबरमध्ये तळाला पाण्याचा थर आणि पांढरी बुरशीसारखी भुकटी सापडते. आठवड्याहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर मी चेंबर रिकामा करतो.

सायलेन्सर सगळ्यात शेवटी

दुरुस्ती झाल्यावर लगेच धूर बघून निराश होऊ नका. नीडल आणि प्लंजर बदलल्यावरही माझी गाडी पहिली वीस मिनिटं धूर सोडत होती. साचलेलं जुनं तेल जळत होतं. आतली नळी काढून केरोसीनमध्ये रात्रभर बुडवली, तारेच्या ब्रशने घासली, उन्हात कोरडी केली, तेही उघड्यावर, जवळ आग नसताना. कॉस्टिक सोडा वापरणार असाल तर फक्त लोखंडी नळीसाठी, हातमोजे आणि चष्मा घालून. ॲल्युमिनियम त्यात गळून जातं.

सध्या क्लिप मधल्या खाचेत आहे, एअर स्क्रू पावणेदोन फेरे बाहेर, तेल ४०:१. मेन जेट उन्हाळ्यात १००, पावसाळ्यात ९५. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, हे उचलू नका. गेल्या पाच महिन्यांत एकच प्लग वापरलाय. गल्लीत गाडी सुरू करायची असली की तोंड रस्त्याकडे करतो आणि आजींना आधी सांगतो.

एवढं सगळं करूनही तुमचा धूर कुठल्याच खुणेवर कमीजास्त होत नसेल, सगळीकडे सारखाच असेल आणि गिअर ऑइल उतरत असेल, तर इंजिनाची प्रेशर टेस्ट करून घ्या. कार्बोरेटर आणि एक्झॉस्टची तोंडं रबराने बंद करायची, हातपंपाने सहा पीएसआय हवा भरायची आणि सहा मिनिटं काटा बघायचा. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. बाहेर कुठेच बुडबुडे नसतील तर गिअर ऑइल भरायचं भोक उघडून बघा, तिथून बुडबुडे आले की क्लचच्या बाजूचं सील बदलायला गाडी खोला.